हरवण्याचा बंदोबस्त

रस्ता चुकण्याची विद्या मनुष्यमात्राला जन्मतःच आणि विनामूल्य अवगत असते. पुण्याच्या पेठांतून एखाद्या स्नेह्याचे बिऱ्हाड शोधीत हिंडणाऱ्या सद्गृहस्थाला त्यासाठी कोणाकडे अर्ज करावा लागत नाही, शुल्क भरावे लागत नाही, की आपण अमुक वाजून अमुक मिनिटांनी चुकावयास प्रारंभ करू असे महिनोगणती आधी लेखी कळवावेही लागत नाही. असे असता उत्तर युरोपातील सुशिक्षित, सुखवस्तू आणि एरवी पैशापैशाचा हिशेब ठेवणाऱ्या लोकांनी हीच गोष्ट पदरमोड करून, सहकुटुंब, ऐन सुट्टीच्या दिवसांत आणि भर जंगलात जाऊन करावी, व ती त्यांना यथासांग करता यावी म्हणून गावोगावच्या स्वयंसेवकांनी वर्षानुवर्षे खपावे, हे ऐकून ज्याला नवल वाटणार नाही त्याची जिज्ञासा निवर्तली असे खुशाल समजावे. या खटाटोपाला ओरिएंटिअरिंग म्हणतात. स्पर्धकाच्या हाती एक नकाशा आणि एक होकायंत्र द्यायचे, अरण्यात ठिकठिकाणी पांढरी-नारिंगी निशाणे टांगून ठेवायची, आणि ती सारी ठाणी नेमून दिलेल्या क्रमाने गाठून जो कमीत कमी वेळात परत येईल तो विजयी. वाट कोणती धरायची हे मात्र ज्याचे त्याने ठरवायचे. नियम एवढाच. बाकीचा सारा कारभार हा एवढासा नियम निर्वेधपणे पाळता यावा म्हणून उभा केलेला आहे.

या खेळाची वंशावळ लष्करी आहे, आणि ते योग्यच होय. नॉर्वेत ३१ ऑक्टोबर १८९७ रोजी झालेल्या पहिल्या सार्वजनिक स्पर्धेत अवघे आठ जण धावले होते. पुढे १९१९ साली अर्न्स्ट किलांडर नावाच्या स्वीडिश मेजरने, तरुण पिढीला मैदानी खेळांचा कंटाळा येऊ लागला आहे असे पाहून, दोनशेहून अधिक तरुणांना स्टॉकहोमच्या दक्षिणेकडील रानात सोडले. तरुणांच्या आळसावर आजवर अनेक विचारवंतांनी ग्रंथ लिहिले. त्यांना जंगलात सोडून द्यावे हा उपाय सुचायला मेजरच लागला. १९६१ साली दहा राष्ट्रांचे प्रतिनिधी कोपनहेगनला जमले व त्यांनी आंतरराष्ट्रीय महासंघ स्थापन केला, आणि १९६६ साली फिनलंडमधील फिस्कार्स येथे पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा भरली. परंतु या खेळाचे खरे माहात्म्य पाहावयाचे तर अजिंक्यपदाकडे न जाता स्वीडनच्या ओ-रिंगेनला जावे. दर वर्षी जुलैत, दर वर्षी निराळ्या मुलखात, पाच टप्प्यांत होणारी ही जत्रा १९६५ साली १५६ स्पर्धकांनिशी सुरू झाली, आणि वीसच वर्षांनी, १९८५ साली फालून येथे, तिला २५,०००हून अधिक माणसे लोटली. पंचवीस हजार माणसांना एका जागी आणणे आपल्याला अपरिचित नाही. परंतु त्या सर्वांना एकेकटे करून, प्रत्येकाला स्वतंत्र वेळी, एकाच जंगलात सोडायचे आणि संध्याकाळी मोजून परत घ्यायचे, हे काम पंढरीच्या वारीच्या चोपदारांनाही अंतर्मुख करील असे आहे.

माझी भाची स्वीडनमध्ये संसार करते आणि भाचेजावई तेथील एका क्लबाचे निष्ठावंत सभासद आहेत, त्यामुळे एका उन्हाळ्यात या कारभाराच्या पोटात शिरण्याची संधी मला लाभली. तेथे गेल्यावर प्रथम ध्यानात आले ते हे की, संयोजकांच्या चित्तात दोन परस्परविरुद्ध चिंता अहर्निश नांदत असतात. स्पर्धक हमरस्त्यावरून वाहनतळाकडे येताना चुकता कामा नये, वाहनतळावरून मैदानाकडे, मैदानावरून शौचकूपांकडे आणि तेथून दोन-तीन किलोमीटरवरच्या प्रारंभस्थानाकडे जाताना चुकता कामा नये. त्यासाठी दर पंधरा-वीस पावलांवर रंगीत फिती, बाण, पाट्या आणि पिवळाधमक अंगरखा घातलेला एक स्मितवदन मनुष्य असा चौपदरी बंदोबस्त असतो. पण प्रारंभरेषा ओलांडली रे ओलांडली की तोच मनुष्य चुकावा, निदान चुकण्याची त्याला भरपूर मुभा असावी, यासाठी तितक्याच निष्ठेने सर्व साहाय्य काढून घेतलेले असते. शिवाय तो चुकायचा तो सर्वस्वी स्वतःच्या अकलेने चुकला पाहिजे. नकाशातील दोषाने, ठाण्याच्या जागेतील फरकाने किंवा संयोजकांच्या गफलतीने चुकला तर तो अन्याय. आपल्या आपण चुकला तर तो खेळ. हरवण्याची सर्वांना समान संधी देणे हे ज्यांचे ब्रीद आहे अशी दुसरी संस्था माझ्या तरी पाहण्यात नाही.

आता ही समान संधी निर्माण करावयाची तर पहिली गोष्ट जंगल. स्वीडनमध्ये कोणाच्याही रानात कोणीही हिंडावे, बोरे वेचावी असा पूर्वापार वहिवाटीचा हक्क आहे. पण हजारो माणसे एका दमात घुसवावयाची तर केवळ वहिवाट पुरत नाही, जमीनमालकांची, शिकारी मंडळांची आणि सरकारी निसर्गरक्षकांची मनधरणी करावी लागते. ही मनधरणी स्वयंपाकघरातील मेजाभोवती, कॉफी आणि दालचिनीची पाववडी यांच्या साक्षीने, अत्यंत संथपणे चालते. शेतकऱ्याला आपल्या पेरलेल्या शेतातून कोणी जाऊ नये असे वाटते, शिकाऱ्याला एल्क नावाच्या अजस्र हरिणाच्या विश्रांतीची काळजी असते, निसर्गरक्षकाला कोठल्याशा पक्ष्याच्या घरट्याची. आणि त्या प्रत्येकाच्या इच्छेनुसार नकाशावर जांभळ्या रेघांचे एकेक निषिद्ध क्षेत्र उमटत जाते. सर्वांचे समाधान होईपर्यंत जंगल शिल्लक राहिले तर स्पर्धा होते.

जंगल मुक्रर झाले की त्याचा अज्ञातवास सुरू होतो. अमुक सरहद्दीच्या आत यापुढे कोणाही संभाव्य स्पर्धकाने पाऊल टाकू नये असा जाहीरनामा निघतो आणि तो कित्येकदा वर्षानुवर्षे अंमलात राहतो, जेणेकरून कोणालाही त्या रानाची आगाऊ ओळख असू नये. पहारा नाही, कुंपण नाही, जप्ती नाही; नुसते सांगून ठेवायचे, आणि लोकांनी पाळायचे. भाचेजावयांच्या क्लबातील एका निष्णात धावपटूचे आजोळ नेमके त्या सरहद्दीलगत होते, आणि तो बिचारा आजीकडे येई तो हमरस्त्याने येई, ओसरीवर बसे, समोरच्या झाडीत निळी बोरे पिकलेली दिसत असताही तिकडे पाठ करून कॉफी पिई, आणि हमरस्त्यानेच परत जाई. अशा समाजात पोलीस खात्याला काम तरी काय उरत असेल, हा प्रश्न मी ओठांवर येऊ दिला नाही.

मात्र जंगलाला हा जाहीरनामा वाचता येत नाही. ज्या रानाचा नकाशा मोठ्या कष्टाने सिद्ध करावा तेथे कोणी कंपनी झाडे तोडून नेते, कोणी नवे कुंपण घालतो. आणि २००५ च्या जानेवारीत दक्षिण स्वीडनवरून गेलेल्या गुद्रून वादळासारखे एखादे अरिष्ट आले तर एका रात्रीत अरण्येच्या अरण्ये आडवी होतात. मग पुन्हा मोजणी. हा नकाशा म्हणजे आपल्या मामलेदार कचेरीतील नकाशा नव्हे, की ज्यात नदी दिसली तर समाधान मानावे. हा पंधरा हजार भागांस एक या प्रमाणाचा, पाच मीटर अंतराच्या समोच्च रेषांचा, आणि नकाशाकाराने रानाचा हातन् हात पायांनी तुडवून काढलेला दस्तऐवज असतो. पाणी निळे, खडक काळे, चढउतार तपकिरी इथवर सामान्य बुद्धीला पटते. पण उघडे माळरान पिवळे, गच्च झाडी हिरवी, आणि उत्तम, धावण्याजोगे, डौलदार अरण्य मात्र कोरे पांढरे! जेथे नकाशावर काहीही नाही तेथे सज्जन वृक्ष उभे आहेत, आणि जेथे हिरवेगार दिसते तेथे पाऊल टाकल्यास कपड्यांसह कातडी सोलून निघेल, हे नवशिक्याच्या डोक्यात शिरेपर्यंत त्याचे गुडघे शिकून मोकळे झालेले असतात. एखादा धोंडा नकाशात यावा की न यावा यालाही शास्त्र आहे: त्याची उंची निदान एक मीटर असली पाहिजे. पाच-सहा बोटे कमी भरल्यामुळे इतिहासातून वगळल्या गेलेल्या धोंड्यांविषयी मला मनापासून सहानुभूती वाटते.

या नकाशावर ठाणी नेमणारा एक मार्गकार असतो आणि त्याच्यावर देखरेख करणारा एक तपासनीस असतो. भाचेजावई मार्गकारांपैकी एक होते. मी स्पर्धक होण्याचा दूरान्वयानेही संभव नसल्याने, आणि पाहिलेले स्थळ मी मराठीतसुद्धा कोणापाशी उच्चारणार नाही असे वचन घेतल्यावर, एका सकाळी त्यांनी मला बरोबर नेले. शेवाळाने मढलेल्या एका धोंड्यापाशी, ईशान्य बाजूच्या फांदीला, त्यांनी आधी एक आकडा लिहिलेली प्लास्टिकची चिंधी बांधून ठेवली होती. स्पर्धेच्या आदल्या दिवशी तेथे निशाण लागावयाचे होते. थोड्या वेळाने तपासनीस आले, त्यांनी धोंड्याकडे पाहिले, नकाशाकडे पाहिले, मग आकाशाकडे पाहिले, आणि बऱ्याच अवकाशाने म्हणाले की त्यांच्या मते नकाशावरील वर्तुळाच्या मध्यावरचा धोंडा हा नव्हे, तो पलीकडचा. यावर भाचेजावयांनीही बऱ्याच अवकाशाने असे सुचविले की पलीकडचा धोंडा कदाचित धोंडा नसून नुसते कातळाचे टोक असावे. मग दोघांनी पावलांनी अंतर मोजले, होकायंत्रे काढली, उपग्रहांचा सल्ला घेतला, धोंड्याची उंची पट्टीने मोजली, आणि पाऊण तासात एकंदर दहा-बारा वाक्ये बोलून निर्णय केला की धोंडा हाच, परंतु तो नकाशात चार मीटर सरकवावा. एकाचाही आवाज चढला नाही. आपल्याकडे याच्या निम्म्या मतभेदावर दोन प्रतिस्पर्धी मंडळे स्थापन होऊन तिसऱ्याने स्मरणिका काढली असती.

ठाण्यांचा कायदाही वाचनीय आहे. कोणतीही दोन ठाणी एकमेकांपासून तीस मीटरांच्या आत असू नयेत. आणि ती सारख्याच दिसणाऱ्या जागी, म्हणजे दोन्ही धोंड्यांपाशी किंवा दोन्ही खड्ड्यांत असतील तर साठ मीटरांच्या आत असू नयेत, म्हणजे एकाचा धोंडा दुसऱ्याच्या वाट्याला जाणार नाही. ठाण्यांना क्रमांक द्यायचे ते एकतीसपासून पुढे, नाहीतर पहिले ठाणे आणि एक क्रमांकाचे ठाणे यांत घोटाळा व्हायचा. त्यातही इंग्रजी आकड्यांतील ६६, ६८, ८६, ८९, ९८ आणि ९९ वर्ज्य. कारण निशाण उलटे टांगले गेले किंवा स्पर्धकच उलटा होऊन पडला, तर ते दुसरेच वाचले जातील. ज्या कोणी समितीच्या बैठकीत बसून हे सहा आकडे शोधून काढले त्या अज्ञात कारकुनाची दूरदृष्टी मला कित्येक घटनाकारांपेक्षा मोठी वाटते.

मग येते सरबराई, आणि ही मात्र खास लग्नघरची. पाण्याचे नळ, वैद्य, तान्ह्या मुलांचे पाळणाघर, तंबूंचे नगर, सॉसेजच्या चुली, निकालांचे यंत्र. प्रत्येकाचा एक प्रमुख आणि प्रत्येक प्रमुखाला आपले खाते सोडून बाकी सर्व दुय्यम वाटते. या साऱ्यांत ज्याच्या चेहऱ्यावर कायमचे गांभीर्य वसलेले असते तो शौचकूपांचा प्रमुख. स्पर्धेच्या प्रारंभापूर्वीच्या अर्ध्या तासात मनुष्यदेहाला जी एकच निकड सुचते ती सर्वांना एकाच वेळी सुचते, आणि प्रत्येकाच्या प्रारंभाचे मिनिट ठरलेले असल्याने रांगेतील माणूस घड्याळाकडे पाहतो तो कोणत्या नजरेने पाहतो ते शब्दांत सांगण्याजोगे नाही. जगज्जेता आणि दहा वर्षांचा पोर तेथे एकाच समतेच्या रांगेत उभे असतात.

मला वाहनतळावर नेमण्यात आले. पिवळा अंगरखा चढवून देताना भाची म्हणाली, “मामा, काही बोलायचं नाही, कोणी विचारलं तरी वाट सांगायची नाही, फक्त हात डावीकडे करायचा.” उभ्या आयुष्यात ज्याने पत्ता विचारणाऱ्याला ठाऊक नसतानाही विन्मुख पाठविले नाही अशा माणसाला ही शिक्षा होती. गाड्या येत, डावीकडे वळत, आधीच्या गाडीपासून हातभर अंतर राखून उभ्या राहत. फिनलंडच्या, नॉर्वेच्या, स्वित्झर्लंडच्या पाट्या, पण शिस्त एकच. एकच गृहस्थ माझ्यासमोरून दोनदा येऊन दोनदा भलत्या फाट्याने परत गेला, आणि तिसऱ्या वेळी काच खाली करून त्याने मोठ्या दिलगिरीने खुलासा केला की गाडीतल्या यंत्रातील बाई सारखी उजवीकडे वळा म्हणत होती. त्याच्या अंगावर एका राष्ट्रीय संघाची बंडी होती. मी हात डावीकडे केला.

दुपारनंतर समाप्तिरेषेपाशी जे चालते त्यासाठी हा सगळा प्रपंच आहे, असे माझे मत बनले आहे. पूर्वी ठाण्यावर सुईच्या चिमट्याने कागदाला भोके पाडीत; आता बोटाला बांधलेली कांडी खोबणीत घातली की ती बीप् करते, आणि शेवटी एक लांबट चिठ्ठी हाती पडते, जीत कोणत्या ठाण्यास किती मिनिटे लागली याची इत्यंभूत कैफियत असते. मग जो तो आपला नकाशा पसरून दुसऱ्याला आपली वाट सांगू लागतो. ऐकणारा ऐकत नसतो, तो आपली सांगण्याची संधी शोधीत असतो. पाऊणशे पार केलेल्या एका बाईंनी, वृद्धांच्या गटासाठी मोठ्या अक्षरांत छापतात तसला आपला मोठा नकाशा माझ्या गुडघ्यावर ठेवला, आणि पाचव्या ठाण्याआधी आपण दलदलीच्या कोणत्या बाजूने गेलो, कोणत्या बाजूने जावयास हवे होते, आणि त्याच दलदलीशी आपले मागल्या एका वर्षी काय झाले होते, हे चिखलाने माखलेल्या नखाने रेघ ओढीत सांगितले. त्यांचा क्रमांक मी विचारला. तो त्यांनी पाहिलाच नव्हता.

अर्थात तक्रारी असतातच. आंबट चेहऱ्याचा कोणी तरुण येऊन ठाणे चुकीच्या जागी होते अशी फिर्याद नोंदवितो. तो प्रथम संयोजकांकडे जातो, तेथे समाधान न झाल्यास लेखी अर्जाने पंचांपुढे जातो, आणि पंच निवाडा करण्यापूर्वी स्वतः रानात जाऊन तो धोंडा पाहून येतात. ठाणे खरोखरीच चुकले असेल तर तो टप्पाच रद्द होण्याची वेळ येते आणि मार्गकार पुढे कित्येक वर्षे कोणाच्या लग्नालाही जात नाही. बहुतेक वेळा ठाणे जागच्या जागी असते. फिनलंडच्या जुकोला या रात्रीच्या शर्यतीत तर ही जोखीम अनेक पटींनी वाढते, कारण तेथे सात-सात जणांचे शेकडो संघ रात्री अकरा वाजता डोक्याला दिवे बांधून एकदम सुटतात, आणि पुढच्याच्या पाठीमागे लागून कोणी फुकट वाट काढू नये म्हणून नकाशे मुद्दाम निरनिराळ्या फाट्यांचे छापलेले असतात; अखेरीस प्रत्येक संघाचे सर्व फाटे धावून झाले पाहिजेत, पण क्रम वेगळा. त्या गठ्ठ्यांत एक नकाशा वरचा खाली झाला तर काय होईल, या विचाराने छपाईप्रमुखाला झोप लागत नाही असे म्हणतात.

इतके करूनही बंदोबस्ताच्या यादीत न बसणाऱ्या गोष्टी घडतात. २००८ साली चेक प्रजासत्ताकातील ओलोमोउत्स येथे जागतिक स्पर्धेत फ्रान्सचा थिएरी ग्युओर्ग्यू सांघिक शर्यतीत आघाडीवर धावत असता त्याच्या घशात मधमाशी गेली आणि पदकाऐवजी रुग्णालय वाट्याला आले. पुढल्याच वर्षी हंगेरीत मिश्कोल्त्स येथे तोच पुन्हा पदकाच्या वाटेवर होता, तो वाटेत स्वीडनचा मार्टिन जोहान्सन मांडीत फांदी खोलवर घुसून पडलेला आढळला. ग्युओर्ग्यू, नॉर्वेचा आंदर्स नोर्दबर्ग आणि चेक मिखाल स्मोला हे तिघेही शर्यत सोडून त्याच्या मदतीला थांबले. सुवर्णपदक स्वित्झर्लंडला गेले. ग्युओर्ग्यूला ते सांघिक सुवर्ण २०११ साली, स्वतःच्याच देशात, मिळाले. त्या वेळी त्याच्या मागे मधमाशीही लागली नाही आणि कोणी जखमीही आडवा आला नाही.

संध्याकाळी निकालांच्या तंबूत एक यादी उरते: जे गेले आणि अजून आले नाहीत त्यांची. म्हणून शर्यत अर्धवट सोडणाऱ्यानेही समाप्तिरेषेवर येऊन हजेरी दिलीच पाहिजे असा कडक शिरस्ता आहे. तरीही रोज दोन-चार नावे शिल्लक राहतात. दुर्बिणी येतात, फोन फिरतात, शोधपथक बूट चढविते, आणि मग बहुधा असे निष्पन्न होते की गहाळ झालेला इसम तिसऱ्या ठाण्यापासूनच कंटाळून थेट तंबूत गेला असून तेथे आइस्क्रीम खाऊन निजला आहे. त्याला उठवून जी कानउघाडणी होते ती मात्र स्वीडिश असूनही मला शब्दशः समजली.

शेवटच्या दिवशी, आघाडीवीर आधी आणि मागले मागून अशा पाठलागाच्या शर्यती संपून निशाणे गोळा होऊ लागली, तेव्हा पुढच्या वर्षी ज्या क्लबांकडे ही जबाबदारी जाणार होती त्यांचे शिष्टमंडळ वह्या घेऊन आले. आमच्या मंडळींनी त्यांच्यासाठी जमिनीचे करारनामे, नकाशांचे हिशेब, छपाईची वेळापत्रके यांचे जाडजूड दफ्तर तयार ठेवले होते. त्यांनी ते नम्रपणे बाजूला ठेवले आणि थेट शौचकूपांच्या प्रमुखाकडे जाऊन किती लागतात असे विचारले. तो बराच वेळ विचार करून म्हणाला, “तुम्ही जितकी ठरवली आहेत त्याहून जास्त.”